‘बघायला ये’ म्हणणाऱ्या सरांकडे नेमकं काय मागायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही कळेल. तुम्ही २७ वर्षांच्या, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत खरेदी विभागात चार वर्षं काम करताय. स्थानिक वाहिन्यांसाठी बरीच वर्षं कार्यक्रम करणारे एक निर्माते ओळखीतून भेटले आणि म्हणाले, ‘दोन-तीन महिने माझ्याबरोबर ये, बघ जमतंय का.’ पैशांचं बोलणं झालेलं नाही. तुम्ही विचारताय : नोकरी सोडू का, आधी कोर्स करू का, कॅमेरा कोणता घेऊ. आणि शेवटी, जाता जाता, घरच्यांना रात्रीच्या वेळांची काळजी वाटते असं लिहिलंय.

मी नाशिकमध्येच हे काम करते. केबलवरच्या एका वाहिनीत फ्लोअरवर उभं राहण्यापासून सुरुवात झाली, आता स्वतःचं लहानसं युनिट आहे. गप्पांचे कार्यक्रम, शेतीचे भाग, सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या फिल्म, मिरवणुकांचं लाइव्ह, जे येईल ते. हाताखाली शिकायला मुलं-मुली येत असतात. बरीचशी सोडून जातात आणि त्यात काही वाईट नाही, तपासून पाहायलाच तर आली होती. मला हळहळ वाटते ती वेगळ्याच मुलांची. तीन महिने नेमाने आली, ट्रायपॉड उचलले, चहा सांगितला, सेटवर फोटो काढले, आणि जाताना ‘आपल्याला हे जमेल का’ याचं उत्तर पहिल्या दिवशी होतं तितकंच अंधुक.

म्हणून नोकरी, कोर्स आणि कॅमेरा मागाहून. आधी हे तीन महिने असे कसे आखायचे की शेवटी तुमच्या हातात खरंखुरं उत्तर पडेल, ते ठरवू. माझं मत सरळ आहे : बघायला जाऊ नका. लहान, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत तुमचं असं एक काम मागून घ्या. असं काम, जे तुमच्याकडून बिघडलं तर ते पडद्यावर दिसेल. आणि सर ते काम झाल्यावर तुमच्याबरोबर बसून बघणार आहेत का, हे आधी विचारून घ्या. ही दोन्ही मिळत असतील तर जा. एकच मिळत असेल तर पुन्हा बोला. दोन्ही नसतील तर ते सर कितीही मोठे असोत, तुम्हाला फक्त सहल घडेल.

हे असं का म्हणते, ते एका उदाहरणाने सांगते, जरा लांबेल.

पावसाळ्यातला एक दिवस घ्या. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की अख्खं नाशिक एकच विचारतं, दुतोंड्याला, म्हणजे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला, पाणी कुठवर लागलं? स्थानिक वाहिनीची ही वर्षातली हमखास बातमी. प्रेक्षकाला दिसतो दीड मिनिटाचा तुकडा. गढूळ पाणी, दुतोंड्या मारुती, छत्रीतला वार्ताहर, सराफ बाजारात माल वर चढवणाऱ्या दुकानदाराची बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बोललेली दोन वाक्यं. संपलं.

या दीड मिनिटामागे काय असतं? सकाळी कुणीतरी जलसंपदा खात्याला फोन लावून विसर्गाचा आकडा घेतलेला असतो, आणि आकड्याबरोबर वेळही. कारण आकडा दर काही तासांनी बदलतो आणि दहाचा आकडा सातच्या बातम्यांत वाचला गेला तर तो चुकीचाच. मग उभं कुठं राहायचं. रामकुंडाकडची वाहतूक बंद, होळकर पुलावर बघ्यांची गर्दी, पोलीस ट्रायपॉड लावू देत नाहीत. पण जवळच एका वाड्याची गच्ची आहे, तिथून नदीपात्र छान दिसतं, आणि त्या वाड्यातल्या काकूंचा नंबर युनिटमध्ये कुणाकडे तरी आहे. तो नंबर, आणि दिवाळीला त्या काकूंना आठवणीने केलेला फोन, ही युनिटची खरी कमाई. लेन्स महाग असते, पण ती भाड्याने मिळते. गच्ची भाड्याने मिळत नाही.

पुढे बघा. कॅमेऱ्याला रेनकोट, लेन्स पुसायला कोरडी फडकी, जास्तीच्या बॅटऱ्या. पाण्याचा आवाज एवढा की कॉलरच्या माइकवर शब्द कळत नाहीत, म्हणजे हातातला माइक, तोही तोंडाशी धरून. शिवाय नुसतं भरलेलं पाणी दाखवून पूर कळत नाही, त्याच जागेचा मे महिन्यातला कोरडा शॉट शेजारी लावावा लागतो. तो सापडेल का, हे मे महिन्यात ज्याने क्लिपला नाव दिलं त्याच्यावर. ‘क्लिप ००४७’ असं ठेवलं असेल तर पुराच्या दिवशी कुणी शोधत बसणार नाही. दुकानदाराची बाईट घेतली, पण नाव-आडनाव लिहून घेतलं नाही, की खाली पट्टी काय लावणार? ‘व्यापारी’? मग कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड घेऊन दुचाकीवर ऑफिस, कारण एवढ्या गर्दीत फोनच्या नेटवर्कवर फाइल चढत नाही. एडिटरने तुकडा लावला, ग्राफिकवाल्याने पट्टी टाकली : ‘विसर्ग अमुक हजार क्युसेक प्रतिसेकंद’. हे कुणाला खटकतंय का? क्युसेक म्हणजेच सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण २८ लिटर. पुढे पुन्हा ‘प्रतिसेकंद’ लिहिलं की शहरातले सगळे निवृत्त अभियंते फोन करतात. आणि हे सगळं सातच्या आत. सातला बातम्या सुरू होतात, तुमच्यासाठी थांबत नाहीत.

आता सांगा, यात कॅमेरा चालवण्याचा भाग किती? महत्त्वाचा आहे, पण थोडा. बाकीचं सगळं प्रॉडक्शन. लग्नघरात कोठी सांभाळणारा माणूस असतो ना, ज्याचा फोटोत पत्ता नसतो पण ज्याच्या खिशात सगळ्या किल्ल्या असतात, तसं हे काम. आणि त्या दिवशी तुम्ही पुलावर छत्री धरून उभ्या राहून ‘बघितलं’ असतं, तर तुम्हाला यातलं काय दिसलं असतं? पाऊस, गर्दी आणि दोन चिडलेली माणसं. एखादीला त्याची भुरळ पडेल, एखादीला किळस येईल. दोन्ही निष्कर्ष सारखेच कच्चे.

उलट फक्त ‘आकडा, वेळ आणि नावं’ एवढी जबाबदारी तुमच्यावर असती, तर संध्याकाळी सातनंतर तुम्हाला स्वतःबद्दल काहीतरी पक्कं कळलं असतं. अनोळखी अधिकाऱ्याला तिसऱ्यांदा फोन करताना जीभ अडखळली का? पट्टीतली चूक तुम्हाला आधी दिसली की दुसऱ्या कुणाला? आणि सगळं झाल्यावर ‘उद्या पुन्हा’ असं वाटलं की ‘सुटले बाई’ असं?

इथे तुमच्या एका गोष्टीकडे लक्ष वेधते, तुम्ही ती प्रश्नात कमीपणा म्हणून लिहिलीय : ‘मी तर फक्त परचेसमध्ये आहे.’ अहो, चार वर्षं तुम्ही काय केलंय? तीन ठिकाणचे दर मागवणं, माल वेळेत येईल का म्हणून पाठपुरावा करणं, आला नाही तर दुसरा पुरवठादार हाताशी ठेवणं, बिलं जुळवणं. लाइन प्रोड्यूसर हेच करतो. जनरेटर, लाइट, मंडप, जेवण, गाडी, पाहुणे. माझ्याकडे शॉट बरे घेणारी मुलं मिळतात. शूटच्या आदल्या रात्री अकराला शांत डोक्याने ‘लाइटवाला येत नाहीये, दुसरा सांगितलाय, भाव एवढा’ असा मेसेज करणारं माणूस मिळत नाही. मी तुमच्या जागी असते तर कॅमेऱ्याकडून नव्हे, या बाजूने आत शिरले असते. नंतर दिग्दर्शनाकडे, लेखनाकडे वळायचं असेल तर वळता येतं. कामाचा नकाशा तोपर्यंत पाठ झालेला असतो.

काम कोणतं मागायचं? हे सर काय करतात त्यावर. तुम्ही ते लिहिलं नाहीये, म्हणून दोन-तीन शक्यता धरते.

स्टुडिओतला गप्पांचा कार्यक्रम असेल तर पाहुण्यांचं समन्वयन मागा. आपल्याकडे असे कार्यक्रम रोज होत नाहीत, एका दिवसात तीन-चार भाग उरकतात. निवेदिका दोन भागांमध्ये साडी बदलते, पाहुणे ओळीने येऊन बसतात, तीन कॅमेरे, एक स्विचर (कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं ते बदलणारं यंत्र), आणि वेळापत्रक कागदावर दिसतं तसं कधीच चालत नाही. डॉक्टर ओपीडीतून निघत नाहीत, एखादे कवी दोन तास आधीच येऊन बसतात. कुणाला कितीला बोलवायचं, रेघारेघांचा शर्ट घालू नका हे आदल्या दिवशी सांगायचं (बारीक रेघा कॅमेऱ्यावर थरथरतात), आल्यावर पाणी, बाहेर पडताना नाव-पदाची खात्री. आणि माइक. कॉलरचा माइक शर्टवर कुणीही लावतं. पैठणीवर लावून बघा. पदर सळसळतो, मंगळसूत्र माइकवर टकटक आपटतं, ट्रान्समीटर खोचायला पट्टा नसतो. पाहुण्या बाई युनिटमधल्या मुलांकडून माइक लावून घ्यायला संकोचतात. युनिटमध्ये हे नीट करणारी एक बाई असली की भाग वाचतो. हे ‘हलकं’ काम वाटेल, पण ध्वनी बिघडलेला भाग पुन्हा करावा लागतो आणि चित्र जरा बिघडलेला भाग खपून जातो. म्हणून म्हणते, हेडफोन लावून ऐकायची सवय पहिल्या दिवसापासून करा.

शेतीचा कार्यक्रम असेल तर वर्षाचं वेळापत्रक मागा. नाशिकच्या द्राक्षबागेत छाटण्या दोन, एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी. तो आठवडा हुकला की चित्रण पुढच्या वर्षी. लासलगावच्या कांद्याच्या लिलावाचं तसं नाही, तिथे बाजार चालू असला की चित्र मिळतं, पण भाव पडले असतील तर कॅमेरा बघून शेतकरी आधी तुमच्यावरच राग काढतील, आणि तो ऐकून घ्यायची तयारी लागते. कुणाकडे कधी जायचं, कुणाला आधी फोन करायचा, याची वही तुम्ही बनवून सांभाळलीत तर दोन महिन्यांत तुम्ही सरांना लागायला लागाल.

मिरवणुका, उत्सव, लाइव्ह हे सरांचं मुख्य काम असेल तर मात्र पहिल्याच महिन्यात जबाबदारी मागू नका. गणपती विसर्जन, रंगपंचमीच्या रहाडी (रंगाच्या पाण्याचे हौद), चैत्रातला रामरथ, इथे चूक झाली की ती सगळ्यांसमोर होते आणि दुसरा टेक नसतो. अशा ठिकाणी आधी परवानग्यांच्या कागदांचं काम घ्या. पोलीस, महापालिका, मंडळ, देवस्थान, प्रत्येकाचं वेगळं. ड्रोन असेल तर आणखी वेगळं. ओझरला विमानतळ, देवळालीला तोफखान्याची शाळा, नाशिकरोडला नोटांचा छापखाना. या शहरात ‘वर उडवून दोन शॉट घेऊ’ असं म्हणणाऱ्याने आधी ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारी नकाशा उघडावा.

आता सरांबद्दल. मी त्यांना ओळखत नाही आणि ओळखत असते तरी इथे काही बोलले नसते. पण चांगला मार्गदर्शक कसा ओळखायचा याचे माझे ठोकताळे आहेत.

पहिला, आणि मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो : त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आज कुठं आहेत? दोघा-तिघांची नावं विचारा, त्यांच्याशी बोला. कुणी स्वतःचं युनिट काढलं असेल, कुणी मुंबईला मालिकेत सहायक असेल, कुणी हे सोडून बापाच्या दुकानात सुखात बसला असेल, तिन्ही चालतील. पण पाच वर्षांपूर्वी आलेला मुलगा अजून वायरी गुंडाळतोय आणि त्याला विचारलं तर ‘सर शिकवतील हळूहळू’ म्हणतोय, तर काय समजायचं ते समजा.

दुसरा, ते कच्चं चित्रण शिकाऊ मुलांना दाखवतात का. तयार कार्यक्रम सगळेच अभिमानाने दाखवतात. शिकायला मिळतं ते एडिटच्या टेबलावर, जिथे चाळीस मिनिटांमधून चार मिनिटं उरतात आणि ‘हा शॉट का टाकला’ असं विचारता येतं. माझ्या युनिटमध्ये शूटच्या दुसऱ्या दिवशी अर्धा तास सगळे बसतात. कुणाला झोडपायला नाही. पाहुण्याचा आवाज पहिल्या प्रश्नाला का कमी आला, दुसरा कॅमेरा त्या वेळी कुठे बघत होता, एवढंच. हा अर्धा तास न देणारा माणूस गुणी असेल, प्रेमळ असेल, तुम्हाला जेवायलाही घालेल, पण मार्गदर्शक म्हणून त्याचा उपयोग कमी. स्वभाव तापट असला तर? शूटवर आवाज चढतो, ते मी माफ करते. संपल्यावर शांतपणे कारण सांगतात का ते बघा. अपमान करून कारणही न सांगणाऱ्याकडे थांबायची गरज नाही.

तिसरा पैशांचा. कुणी ‘शिकवायचे’ पैसे मागत असेल किंवा ‘एवढे भरा, मालिकेत लावून देतो’ म्हणत असेल तर फोन ठेवा, चर्चाच नको. तुमच्या सरांनी तसं काही म्हटलेलं नाही, बरं आहे. पण ‘पैशांचं बोलणं झालं नाही’ हेही फार दिवस चालू देऊ नका. माझा रिवाज असा : पहिला महिना शिकाऊ, पण पेट्रोल आणि जेवण युनिटकडून. दुसऱ्या महिन्यात एखादं काम पूर्ण तुमच्यावर आलं की दिवसाप्रमाणे मानधन, थोडं का असेना. आणि कार्यक्रमाच्या शेवटी श्रेयनामावलीत नाव. हे तोंडी ठरलं तरी घरी आल्यावर व्हॉट्सअॅपवर लिहून टाकायचं, ‘सर, आज ठरल्याप्रमाणे...’ करून. खरेदी विभागातल्या माणसाला हे शिकवायला नको.

नोकरीचं उत्तर आता सोपं आहे : सोडू नका. निदान हे तीन महिने तरी नाही. स्थानिक वाहिनीच्या एकट्या कामावर घर चालवणारी माणसं नाशिकमध्ये थोडी आहेत. पूर्वी केबलवर रिमोट फिरवता फिरवता लोक आपल्या वाहिनीवर अडखळायचे. २०१३ मध्ये शहरात सेट-टॉप बॉक्स आले, वाहिन्या शेकड्यांत गेल्या, आणि मग फोनने उरलेला वेळ खाल्ला. जाहिरात देणारे तेच राहिले, सराफ, क्लासेस, हॉस्पिटलं, बांधकामवाले; फक्त आता ते विचारतात, ‘यूट्यूबवर पण टाकणार ना? उभा व्हिडिओ वेगळा द्याल ना?’ त्यामुळे आज या धंद्यात जो टिकलाय तो चार ठिकाणचं काम करतो. आठवड्यात एक स्टुडिओचा दिवस, महिन्यात एखादी कारखान्याची फिल्म, लग्नसराईत लाइव्ह, मधे वाहिनीच्या बातम्या. उत्पन्न होतं, पण ते महिन्याच्या पहिल्या तारखेला येत नाही. घरात दुसरा पगार आहे का, कर्जाचा हप्ता आहे का, आईवडील तुमच्यावर अवलंबून आहेत का, यावर तुमचा निर्णय अवलंबून राहील आणि त्यात मी बाहेरून काही सांगणं बरोबर नाही. एवढं मात्र सांगते, निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येणारं काम, हे दोन्ही हातात असल्याशिवाय मी कुणालाही राजीनामा द्यायला सांगत नाही.

‘पण सिंहस्थ येतोय, काम खूप असेल’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. खरं आहे. २०१५ मध्येही होतं. २०२७ च्या पर्वण्यांना देशभरातल्या वाहिन्या इथे येतील, त्यांना रस्ते ठाऊक असलेली, पास कुठे मिळतो आणि तपोवनातून रामकुंडाला गर्दीत कसं पोचायचं हे माहीत असलेली स्थानिक माणसं लागतील, आणि ते चांगले पैसे देतील. ते काम जरूर करा, रजा टाकून करा. पण ते ओसरतं, आणि पुढचा सिंहस्थ बारा वर्षांनी. त्या हिशेबावर नोकरी सोडणं मला पटत नाही.

घरच्यांची काळजी तुम्ही शेवटी लिहिलीत, पण ती लहान नाही. उशीर होतो. लाइव्ह असेल तर मध्यरात्र होते, मुंबईच्या मालिकांमध्ये तर बारा तासांची पाळी हीच रीत. माझ्या आईची समजूत मी बोलून काढू शकले नव्हते. एकदा युनिटमधल्या सगळ्यांना घरी जेवायला बोलावलं, तिने त्यांची तोंडं पाहिली, नावं विचारली, मग तिचं रात्री जागणं कमी झालं. तुम्हीही सरांची आणि घरच्यांची एकदा गाठ घालून द्या. टाळणारा माणूस असेल तर तेही कळेल. रात्री दहानंतर घरी सोडण्याची जबाबदारी युनिटची, हे पहिल्या बोलण्यातच ठरवा आणि ते मागताना ओशाळू नका. आणि हेही माहीत असू द्या : कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा अशा छोट्या युनिटलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. शिकाऊ म्हणून, बिनपगारी म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही.

(जाता जाता. नाशिकमध्ये या विषयावर कुणीही बोलायला उभं राहिलं की दादासाहेब फाळके येतातच, त्र्यंबकचे म्हणून. यावेत. पण मला त्या गोष्टीत नेहमी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई आठवतात. फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. आजच्या भाषेत त्या बाईला काय पद दिलं असतं? माझ्या मते चार पदं दिली असती आणि मानधन एकाचं.)

कोर्सबद्दल थोडक्यात. तीन महिन्यांनंतर ठरवा. आत्ता केलात तर शिकवतील ते कशाला लागतं हे कळणार नाही. नंतर केलात तर प्रत्येक तासाला ‘अच्छा, म्हणून त्या दिवशी तसं झालं’ असं होईल. नोकरी सांभाळून करायचं तर मुक्त विद्यापीठ इथेच आहे, एचपीटी महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग आहे. आणि एकाच गोष्टीत खोल जायचं असेल, संकलन किंवा ध्वनी, तर पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-दूरचित्रवाणी संस्थेच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांवर लक्ष ठेवा. दहा दिवसांत ‘संपूर्ण चित्रपटनिर्मिती’ शिकवणाऱ्या जाहिरातींपासून मात्र लांब राहा.

कॅमेरा घेऊ नका. खरंच. कॅमेरा भाड्याने मिळतो, रोज एक नवं मॉडेल येतं, आणि तुमच्याकडे कॅमेरा आहे म्हटलं की युनिट तुम्हाला नाही, कॅमेऱ्याला बोलावतं. पैसे घालायचेच असतील तर कान पूर्ण झाकणारे बरे हेडफोन आणि दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. दोन, कारण चित्रण दोन ठिकाणी उतरल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही हा नियम ज्या दिवशी तुमच्या अंगात भिनला, त्या दिवसापासून सर तुमच्या हातात कार्ड देतील; आणि या धंद्यात विश्वास असाच मोजतात. सराव फोनवर करा. फोनमध्ये सेकंदाला २५ फ्रेम आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकणार नाही. संकलनासाठी ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची फुकट आवृत्ती पुरते. शनिवारी घराजवळच्या भाजीबाजाराचा दोन मिनिटांचा तुकडा करा, आवाजासकट, नावांच्या पट्ट्यांसकट, आणि रविवारी रात्री आठला कुणालातरी पाठवायचाच असं स्वतःवर बंधन घाला. आठला, सव्वाआठला नाही.

तर सरांना काय लिहायचं, तेही देऊन टाकते. शब्द तुमचे घाला : ‘सर, तुम्ही बोलावलंत त्याबद्दल आभार. नोकरी सांभाळून मी शनिवार-रविवार आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी येऊ शकते, तीन महिने. नुसतं बघण्याऐवजी एखादं लहान काम पूर्ण माझ्याकडे द्याल का? पाहुण्यांचं समन्वयन, परवानग्या किंवा फुटेजची नोंद, तुम्हाला जे योग्य वाटेल ते. शूटनंतर पंधरा मिनिटं माझ्या कामाबद्दल बोललात तर मला शिकता येईल. प्रवास आणि जेवणाचं कसं करायचं तेही एकदा बोलून घेऊ.’

हे वाचून ते हसतील, ‘आधी ये तर खरं’ म्हणतील. चालेल, तेही उत्तरच आहे, जा. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारा. आणि ते कोणत्या प्रकारचे कार्यक्रम करतात तेवढं इथे लिहा, म्हणजे पहिल्या महिन्यात नेमकं काय मागायचं ते आणखी नेमकेपणाने सांगता येईल.